शीलाचं सुतक

“ते आयाबाई इथंच असते का जी?” फाटकाबाहेरच्या माणसानं विचारलं, आणि क्षणभर मला कळेचना की तो कुणाला शोधतोय. आईला जाऊन आठवडा झाला होता. मी अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि ते मी वाचत नव्हते. हवेत भाताच्या कोंड्याचा कोरडा, गोडसर वास होता. या दिवसांत इकडच्या राइस मिली चालू असतात आणि वारा फिरला की तो वास थेट घरात येतो. आया. आमच्या घरात शीलाला कुणी या नावानं हाक मारली नव्हती. ज्या एजन्सीनं तिला पाठवलं तिथले लोक तिला अटेंडंट म्हणत. माझ्या मोबाइलमध्ये ती ‘शीला केअरटेकर’ होती. शेजारपाजारचे ‘तुमच्याकडची बाई’ म्हणत, आणि डॉक्टर एखाद्या वेळी सिस्टर म्हणून गेले की ती पदरात तोंड लपवून हसायची. तीन वर्षं घरात वावरणाऱ्या बाईला एवढी नावं होती, आणि त्यातलं एकही मला कधी टोचलं नव्हतं. हे मात्र रस्त्यावरून आलं आणि पायात खडा जावा तसं टोचलं.

हो, इथंच असते, मागच्या अंगणात आहे, बोलावते, असं मी म्हणाले. तो घाईनं म्हणाला, त्यांना बोलावू नका, मला तुमच्याशीच बोलायचं आहे. साठीच्या आसपासचा, पांढरा पायजमा, शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात मफलर. नाव महागू. तिरोडीहून सकाळच्या गाडीनं आला होता, खाणीतून निवृत्त झाला होता. फाटकाच्या आत आला, पण खुर्ची पुढे केली तरी त्यावर बसला नाही. व्हरांड्याच्या पायरीच्या टोकाशी, आत न शिरता, बाहेरही न राहता टेकला. दुःखाच्या घरी कामाची गोष्ट काढावी की नाही, हा पेच त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी त्यानं सांगितलं. त्याचा मुलगा रजत आणि शीलाची पौर्णिमा यांची सोयरीक जुळली होती. पौर्णिमा मला माहीत होती. शीलानं मोबाइलवरचे तिचे फोटो मला आणि आईला कितीदा दाखवले होते, आणि आजारात बोलणं गेलेल्या आईनंही डोळ्यांनीच पसंती दिली होती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, या रविवारी होतं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पाहुण्यांना सांगून झालं होतं, स्वयंपाक्याला विसार दिला होता, आणि चार दिवसांपूर्वी शीलाचा निरोप गेला की सुतक आलं, तारीख पुढे ढकला. महागूनं भरवेलीला, शीला राहते त्या खाणीच्या कॉलनीत, चौकशी केली. शीलाचा नवरा कधीच गेलेला, पण सासू हयात, दीर हयात, माहेरीही सगळे धडधाकट. कॉलनीतल्या कुणीतरी सांगितलं की ती जिथं कामाला जाते तिथली म्हातारी गेली. रजतच्या आईनं तेवढ्यावरून ठरवून टाकलं की पोरीकडचे लोक टाळताहेत, दुसरीकडे कुठं बोलणं चाललं असेल.

“तुमी शिकेल मानसं आहा,” तो म्हणाला. “तुमीच सांगा, बाई. याइले सुतक लागते का? घरचं मानूस गेलं का कामावरचं? तुमी जे सांगान तेच मी घरी जाऊन सांगीन.”

 थांबा, म्हणाले. तो थांबला. त्याला घाई नव्हती. पायरीवर हात टेकून तो उन्हाकडे पाहत राहिला, आणि मला आठवलं ते तेल. चौथ्या दिवशी सकाळी माणिककाकू वाटीत कोमट तेल घेऊन माझ्यामागे येऊन बसली होती. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. वडील गेल्यापासून घरात काय चालतं आणि काय चालत नाही हे तीच ठरवते. आईला अग्नीही तिच्या मुलानं, संकेतनंच दिला. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवस, ती म्हणाली, तुझं फिटलं मंजू, डोकं किती कोरडं पडलंय बघ. त्यांना, म्हणजे काकूला, संकेतला, ज्यांना आईनं जन्म दिला नव्हता त्यांना, दहा दिवस. मला तीन. नियम मला माहीत नव्हता असं नाही. पण डोक्यावर तेल ओतलं गेलं आणि ते कानामागून ओघळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मला कुणीतरी हळूच, मायेनंच, दाराबाहेर आणून उभं केलंय. काकूची बोटं चांगली होती. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शीला समोरून कपड्यांचं गाठोडं घेऊन जात होती, आणि तिचे केस रुक्ष, पिंजारलेले, रबरात कसेतरी अडकवलेले होते. शीलाचे केस. ज्या बाईनं तीन वर्षं रोज सकाळी आईची वेणी घालण्याआधी स्वतःची घट्ट, चापूनचोपून घातली. काकूच्याही ते लक्षात आलं. “इले काय झालं बाप्पा,” ती माझ्या डोक्यावरून म्हणाली, “हे काहून पाळून राह्यली?” आणि हसली. वाईट हसली नाही. लहान मुलानं मोठ्याची चप्पल घातली की आपण हसतो, तशी. फोडणी नसलेलं वरण शीलाही आमच्यासारखंच खात होती, पण ते मी घरात दुसरं शिजतच नव्हतं म्हणून, असं समजले होते. ती घरीही तसंच खात होती, देवाजवळ दिवा लावत नव्हती, चटईवर झोपत होती, हे मला आता, तिरोडीहून चौकशी करून आलेल्या माणसाकडून कळत होतं.

मला शब्दांची खोड आहे. पुण्यात मी एका प्रकाशनात लोकांचे मजकूर तपासते, आणि अडचणीच्या वेळी माणसं नखं कुरतडतात तशी मी एखाद्या शब्दाचं मूळ कुरतडत बसते. आया हा शब्द आपला नाही, असं मी एकदा आईला फोनवर सांगितलं होतं. ती तेव्हा धडधाकट होती, निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका, आणि तिच्या शाळेतल्या आयाबाईबद्दल काहीतरी सांगत होती. मी मध्येच म्हटलं, हा पोर्तुगिजांबरोबर गलबतातून आला. बड्या घरांतल्या मुलांना सांभाळणारी, त्यांना वळण लावणारी बाई, ती त्यांची आया, आणि तिच्याही मागे लॅटिनमधली आविया, म्हणजे आजी. आजी असलेला शब्द मग गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत शिरला, तिथून दवाखान्यात, तिथून शाळेत, आणि दर पायरीला एकेक इंच खाली उतरत गेला. आता तो मुलांची नाकं पुसतो आणि भांडी उचलतो. मला हे सगळं फार सुंदर वाटत होतं. आईनं ऐकून घेतलं. शिक्षिका असल्यामुळे ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग खोडायची. तुझे पोर्तुगीज यायच्या आधी काय आपली पोरं रडत नव्हती, ती म्हणाली, आणि रडली तर त्यांना घेत कोण होतं? त्याला काही शब्द असेलच की. मी म्हणाले, आहे ना, दाई. धात्रीवरून. दूध पाजणारी. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आणि आई म्हणाली, “आणि दूध न पाजता घेणारी?” मी काहीतरी उत्तर दिलं असेल. ते आठवत नाही. प्रश्न आठवतो.

त्यानंतर काही महिन्यांतच आईचा उजवा हात, उजवा पाय आणि जवळजवळ सगळे शब्द गेले. उरला तो डावा हात आणि त्यातली एक बांगडी. ती पलंगाच्या लोखंडी कडेवर वाजवून आई बोलवायची. एकदा म्हणजे पाणी, घाईघाईनं दोनदा म्हणजे कूस बदल, आणि नुसती घासली, वाजवली नाही, तर जवळ बस. ही भाषा शीलानं आणि तिनं मिळून केली होती. मी सुट्टीत यायचे तेव्हा शीला मला ती शिकवायची. मी विसरायचे, आणि आई हसायची, अर्ध्या तोंडानं, पण तिच्या त्या जुन्या शिक्षिकेच्या हसण्यानं. शीला आली तेव्हा आम्हाला वाटलं महिनाभर टिकली तर खूप. भरवेलीहून सायकलनं यायची, चपलांना खाणीची काळसर धूळ, अंगणातल्या नळावर पाय धुऊनच आत. आईला ती माताजी म्हणायची, आणि तिच्याशी अखंड बोलायची. कॉलनीत कुणाचं भांडण झालं, वारासिवनीच्या बाजारात काय भाव, पौर्णिमाला कुणाचं स्थळ सांगून आलं. मराठीत सुरू करायची, हिंदीत शिरायची, परत यायची. आई ऐकायची. मी एकदा दाराआडून पाहिलं होतं. शीला तिच्या पाठीला पावडर लावत होती, तळहात पाठीवर सपाट टेकवून, गोल गोल, अगदी सावकाश, जसं काही त्या पाठीत कुठंतरी झोपलेलं बाळ होतं. मध्येच ती थांबली, कान आईच्या पाठीजवळ नेला, श्वास ऐकला आणि परत हात फिरवायला लागली. शुश्रूषा या शब्दात मुळात ऐकण्याची इच्छा आहे, हे मी कित्येक वर्षांपासून जाणत होते. पाहिलं ते तेव्हा. आणि तरी तेव्हासुद्धा मला तिच्यासाठी एखादं नाव शोधावं असं वाटलं नाही. ती शीला होती. घरात असली की नावाचं काही अडत नाही. नाव लागतं ते बाहेरून कुणी विचारलं की.

“मंजू, जरा आत ये,” काकू दारातून म्हणाली. तिनं सगळं ऐकलं होतं. आत जाऊन तिनं माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात, भराभर बोलायला लागली. यात पडू नकोस. सरळ सांग की तिला सुतक नाही, लागूच शकत नाही. गोत नाही, नातं नाही, जातही एक नाही. बाई भोळी आहे, जीव लावून बसली, एवढंच. रविवारचं साक्षगंध रविवारी होऊ दे. पोरीला बाप नाही. आईनं लोकांच्या घरी उशापायथ्याशी बसून तिला वाढवलं. खाणीतलं पेन्शन असलेलं घर पुन्हा चालून येत नाही. “तुझ्या एका शब्दानं पोट्टीचं भलं होते,” काकू म्हणाली, “अन् तू विचार कायचा करून राह्यली?” ती खोटं काही बोलत नव्हती. म्हणूनच मला तिथून निघून जावंसं वाटलं. सुतक नाही म्हटलं तर रविवार वाचत होता. सुतक आहे म्हटलं तर तारीख जाणार आणि कदाचित मुलगाही, आणि तिरोडीला बसलेली एक बाई, जिनं मला कधी पाहिलं नाही, म्हणणार की शिकलेल्या लोकांनीही थापच मारली. आणि नाही म्हटलं, तर आठवडाभर रुक्ष केसांनी फिरणारी शीला भोळी ठरणार होती. भोळी किंवा खोटी. मी काकूला म्हणाले, मी तिला विचारते. “तिले काय विचारतं,” काकू म्हणाली, पण मनगट सोडलं.

मागच्या अंगणात शीला आईच्या गाद्या उन्हात उलट्या करत होती. त्या कालही वाळल्या होत्या, परवाही. कामाला काही उरलं नव्हतं, तरी ती रोज येत होती, आणि तिला नको येऊस म्हणायचं आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिरोडीचे महागूजी आलेत, असं मी सांगितलं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि गादीच्या कडेला बसली. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्या दुःखात माझं कुठं सांगू.  गादीच्या शिवणीतून बाहेर आलेला कापूस बोटानं आत ढकलत राहिली.

“लागते का नाई लागते, ते मले नाई मालूम, दीदी,” ती म्हणाली. “पोट्टीचंही वाईट वाटून राह्यलं. पन मी माताजीले आंघोय घालत जाऊ, रोज. शेवटचीही मीच घातली. अजून हाताले त्याइचा वास हाय. या हातानं तेल नाई लावल्या जात. मंग जवायाले कुंकू कसं लावू?” तिनं हात माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि नाकाशी नेला. साबण होता, ऊन होतं, जुन्या कापसाचा वास होता. त्याखाली आणखी काही होतं की मला हवं होतं म्हणून होतं, ते सांगता येणार नाही. तू म्हणशील तसं मी त्यांना सांगेन, मी म्हणाले. ती लगेच म्हणाली, मी कसं म्हणू? घर तुमचं. तुम्ही म्हणा.

मी पुढे आले. महागू तसाच बसला होता, फक्त ऊन त्याच्या गुडघ्यांपर्यंत चढलं होतं. काकू दारात उभी होती.  मी आत्तापर्यंत आईबद्दल इतक्या जणांशी इतक्या शांतपणे बोलले होते की लोक मला धीराची म्हणत होते.

“त्यांना सुतक आहे,” मी म्हणाले. “दहा दिवसांचं.”

काकूनं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. महागूनं मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. त्यानं मफलरचं टोक हातात घेतलं, पिळलं, सोडलं.

“हौ. पन मंग मी नातं काय सांगू जी? बायको इचारन. सोयरे इचारन. गेल्या त्या बाई कोन होत्या त्याइच्या, असं इचारन ना.”

कोण होती. माझ्या मनात ते सगळे शब्द एकामागून एक येऊन उभे राहिले. समुद्रावरून आलेले, संस्कृतातून आलेले, एजन्सीनं छापलेले, आणि एकेक जण मान खाली घालून बाजूला झाला. सगळे शब्द शीला आईची कोण, एवढंच सांगणारे होते. त्यानं उलटं विचारलं होतं. आई शीलाची कोण. ज्याची काळजी घेतली जाते, तो घेणाऱ्याचा कोण लागतो, याला कुठल्याच भाषेत काही नाव असेल असं मला आठवेना. रोगी म्हणतात. पेशंट म्हणतात. ज्याच्या श्वासावर एखादी बाई तीन वर्षं कान ठेवून असते, त्याला पेशंट म्हणतात. आईनं फोनवरचा तो जुना प्रश्न विचारून पलीकडे शांतपणे वाट पाहावी, तसं मला वाटत होतं.

“सांगा,” मी म्हणाले, “शीलाच्या घरचं माणूस गेलं. कोण ते मला सांगता येत नाही. पण घरचं.”

 मग त्यानं काकूकडे पाहिलं, कारण अशा गोष्टींत वयानं मोठ्या बाईचा शब्द लागतो, आणि त्याला तो हवा होता.  मला वाटलं, आता ती म्हणेल. गोत, नातं, जात. तिचे ओठ हललेही. मग ती आत वळली, आणि आतून तिच्या पावलांचा आवाज माजघरातून मागच्या दाराकडे गेला.

“मंग बराबर हाय,” महागू म्हणाला. “घरचं गेलं तं मानूस काय करन. तेरवी होऊन जाऊ द्या. तारीख मंग पाहू.” उठता उठता तो थांबला आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडी गंमत आली. “पन मंग साक्षगंधात पोरीकडून तुमालेच बसा लागन, बाई. नातं सांगतलं तं निभवा लागते. पुन्याहून या लागन.” मी येईन म्हणाले. त्याच्या बायकोचं काय, असं मी विचारणार होते, पण त्यानंच हात हलवून सांगितलं की तिचं तो पाहून घेईल, तिचाही बाप असाच एका गुराख्यासाठी नऊ दिवस दाढी न करता बसला होता, आणि लोक हसले होते.

मग तो फाटकाकडे गेला नाही. घराच्या कडेनं, बोळातून, मागच्या अंगणाकडे निघाला. मी त्याच्यामागे गेले. काकूनं गाद्यांपासून थोडं दूर, भिंतीच्या सावलीत, भेटायला येणाऱ्यांसाठीची सतरंजी अंथरली होती. शीला उठायला लागली तसं त्यानं हातानंच तिला बस म्हटलं, चपला काढल्या आणि सतरंजीवर तिच्यासमोर मांडी घालून बसला.  खाली बघत त्यानं विचारलं, “काय झालतं त्याइले?”

आठवडाभर घरात माणसं येत होती. सगळ्यांनी हेच विचारलं होतं, पण मला, काकूला, संकेतला. मी पुण्याहून पोचले तेव्हा आई गेलेली होती. शीलानं फोनवर सांगितलेली दोन वाक्यं मी प्रत्येकाला, पाहिल्यासारखी, सांगत आले होते. शीला तेव्हा पाणी आणून द्यायची आणि ट्रे घेऊन परत जायची. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

तिनं पदर तोंडाशी नेला, परत खाली घेतला. सांगायला लागली. सकाळी आल्या आल्या कसं अंग गरम लागलं, पेज चार चमचे घेतली, पाचवा नको म्हणाल्या, म्हणजे तोंड फिरवलं. बाहेर थंडी होती म्हणून खिडकी लावून घेतली, तर माताजीनं बघून बघून ती उघडायला लावली. मग वेणी घालायला घेतली. अर्धी झाली होती. डोकं माझ्या पोटाशी टेकवून घेत होत्या रोज, तशाच टेकून होत्या, ती म्हणाली, आणि मी पौर्णिमाचंच सांगत होते, साक्षगंधाला कोणती साडी, आणि बोलता बोलता मला हाताला कळलं. तरी मी सांगत राहिले. वेणी पुरी केली. रिबीन बांधली. मधेच कसं थांबायचं. इथं तिचा आवाज फाटला आणि ती रडली, मोठ्यानं, कॉलनीतल्या बायका रडतात तशी, लाज न ठेवता. या घरात पहिल्यांदा. महागू मान खाली घालून ऐकत होता. मीही बसले होते सतरंजीच्या कडेला, काकू माझ्या शेजारी, आणि आईची शेवटची सकाळ माझ्यासमोर पहिल्यांदाच येत होती. चमच्यानं, खिडकीनं, अर्ध्या वेणीनं.

रडणं ओसरल्यावर तो उठला. अशा घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. त्यानंही म्हटलं नाही. चपला घातल्या, मफलर नीट केला आणि बोळातून निघून गेला. शीला सवयीनं त्याला फाटकापर्यंत पोचवायला उठू लागली. काकूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“बस,” ती म्हणाली. “तू उठू नको. पोचवाले मंजू जाईन.”

मी उठले आणि त्याच्यामागे गेले.